पिन चावीला

हो हो, वाचली चिठ्ठी. अक्षर दादाचंच आहे, मी कुठे नाही म्हणतोय? ‘चिठ्ठी घेऊन येणाऱ्या गृहस्थांना माझी हत्यारांची पेटी दाखवणे, पसंत पडल्यास देणे.’ गृहस्थ म्हणजे तुम्ही, पेटी म्हणजे ती कोपऱ्यातली हिरवी, आणि देणारा मी—त्याचा धाकटा भाऊ. कळलं सगळं. पण माझे हात बघा. असल्या हातांनी मी त्या पेटीला शिवलो ना, तर दादा घरी बसल्या जागेवरून ओरडेल. तेव्हा एवढं हब निघू दे, मग हात धुतो, मग पेटी. पेटीला काय पाय फुटलेत? नाही, नाही, त्या स्टुलावर नका बसू, त्याचा चौथा पाय नुसता शोभेला आहे. या टायरवर बसा. स्वच्छ आहे. म्हणजे स्वच्छ नाहीये, पण कोरडा आहे. पांढरा शर्ट घालून गॅरेजमध्ये कशाला आलात पण? काय? चिठ्ठीचं काय? वाचली म्हटलं ना. ही बघा, या तेलाच्या डब्याखाली दाबून ठेवली, उडायची नाही.

ही होय? ही एटीव्ही. चार जाड टायर, मोटरसायकलसारखं हँडल, कुठेही चढते आणि कुठेही बंद पडते. वर चढावर रोपवाटिका आहे, तिच्या मालकाची—तो हिच्यावर रोपांचे ट्रे वाहतो, खताच्या गोण्या वाहतो, एकदा सासूलाही वाहून नेलं होतं, त्याबद्दल दोघंही बोलत नाहीत. मागच्या एक्सलचं बेअरिंग गेलंय. बेअरिंग बदलायचं तर एक्सल बाहेर काढायला हवा, आणि एक्सल बाहेर काढायचा तर दोन्ही टोकांची हब उतरवायला हवीत—हब तुम्हाला काय सांगायचं, ज्याच्यावर चाक बोल्टनं बसतं ते. याला आतून दाते, एक्सलला बाहेरून दाते, एकमेकांत घट्ट. बसवताना बोटभर ग्रीस लावलं की दहा वर्षांनीही हातानं निघतं. नाही लावलं तर गंज असा धरून बसतो की बघा, आज चौथा दिवस आहे मी याच्याशी झटतोय. हे डावं. उजवं ना? उजवं निघालं. ते आपलं आपण निघालं. त्याचं सांगतो नंतर—नाही, त्याचं सांगण्यासारखं काही नाही.

तुम्हीही याच धंद्यातले म्हणालात ना मघाशी? मग बरंच झालं. ही गॅसची टॉर्च धरा जरा. तशी नाही, ज्योत हबवर, एक्सलवर नको—हब तापून फुगलं पाहिजे. एक्सलही तापला तर दोघंही फुगतात आणि आपण फुकट घाम गाळतो. हां, असंच. गोल फिरवत राहा. मी हब ओढणारा हा पुलर आवळतो पाव फेरा, आणि याच्या डोक्यात एक—ठण्! बघा. ढिम्म नाही. मग थांबायचं. पुन्हा तेल, पुन्हा आच, पुन्हा पाव फेरा. हे ताकदीचं काम नाहीच. ताकदवाले येतात, दणादण हाणतात, एक्सलचं टोक फुलवून ठेवतात आणि मग नट बसत नाही म्हणून आपल्याकडे घेऊन येतात. आणि एकट्याचंही काम नाही हे. एका हातात टॉर्च, एका हातात हातोडा, मग पाना काय दातांत धरायचा? परवा मी टॉर्च त्या पत्र्याच्या डब्याला टेकवून बघितली. माझ्या डाव्या भुवईकडे मघापासून बघताय ना, ती त्यात गेली.

सत्तावीस वर्षं आच दादाची आणि हातोडा माझा. काम चालू असताना एक शब्द नाही बोलायचा. त्यानं ज्योत जरा मागे घेतली की मी समजायचो, आता मार. एरवी बोलायचो. एरवी बोलायचो म्हणजे भांडायचो. पंखा कुणाच्या बाजूला फिरवायचा, पाने लहानाकडून मोठ्याकडे लावायचे की मोठ्याकडून लहानाकडे—कशावरूनही. पण हब काढताना नाही. हा पुलर बघितलात? हा विकतचा नाही. विकतच्यांचे पाय फाकतात, म्हणून दादानं लेथवाल्याकडे तीन दिवस ठाण मांडून बनवून घेतला, लेथवाल्यानं शेवटी हात जोडले त्याला. हो, तोही पेटीतलाच. सगळं पेटीतलंच आहे. थांबा हो, मध्ये नका बोलू, ज्योत हलते तुमची.

अं? ती? ती गाडीची चावी. बघा की, बघायला काय. पण तिला अडकवलेली पिन काढू नका. ती या डाव्या हबची पिन आहे. हब बसलं की बाहेरून हा मोठा नट, आणि नट फिरून सुटू नये म्हणून त्याच्या खाचेतून आरपार ही दोन पायांची पिन—पलीकडून पाय वाकवले की नट जागच्या जागी. हे तुमच्याकडेही असंच. पण वरून प्लास्टिकची टोपी बसते, आणि टोपी बसली की आत पिन आहे की नाही हे देवालाही दिसत नाही. म्हणून दादाचा कायदा. पिन काढली की ती खिशात नाही, टेबलावर नाही, डबीत नाही. पिन चावीला. चावीच्या कडीत अडकवायची. मग कोणीही गाडी चालू करायला गेला की हाताला पिन लागते आणि माणूस थांबतो. तुमच्याकडे नाही ही पद्धत? कुठेच नाही, फक्त इथे. चांगली आहे, चांगली नाही असं मी म्हणतच नाही. पण दिवसातून सहा वेळा ऐकून डोकं उठायचं माझं. ‘पिन चावीला रे.’ हो दादा. ‘लावलीस?’ हो दादा. ‘दाखव.’ सेहेचाळीस वर्षांचा आहे मी, साहेब. माझ्या मुलीचं कॉलेज संपत आलं. आणि मला म्हणतो, दाखव.

पेटी का विकतोय ते सांगितलंच असेल त्यानं. काय म्हणाला, हात? हात बरा आहे त्याचा. मनगट मोडलं होतं आणि दोन बरगड्या—त्याला झाले नऊ आठवडे. प्लास्टर निघालं, डॉक्टर म्हणाले पाना धरा, हातोडा धरा, वाटेल ते करा. हाताचं काही नाही. डोक्याचंही सांगितलं ना? वाटलंच मला. येईल त्याला सांगतो हल्ली. दूधवाल्याला सांगितलं. ‘माझ्या डोक्याचा भरवसा राहिला नाही, यापुढे लोकांच्या गाड्यांना हात लावणं म्हणजे लोकांच्या जिवाशी खेळ.’ एकसष्ट वय आहे हो, काय मोठं वय आहे? पण नाही. एक वही केली आहे, वहीला दोऱ्यानं पेन बांधलंय. दार लावलं, लिहितो. गॅस बंद केला, लिहितो, मग उठून बघून येतो, आणि बघून आलो असंही लिहितो. त्या मोठ्या डॉक्टरांकडे गेलो होतो आम्ही, त्यांनी सांगितलं शंभरातून सात-सात वजा करत या. आला की करत थेट दोनपर्यंत, एकदाही न अडखळता. मी शेजारी बसून मनात करत होतो, मी शहाऐंशीला अडकलो. डॉक्टर म्हणाले, काही दोष नाही, ठणठणीत आहात. बाहेर येऊन दादा काय म्हणतो? त्यांना कळलं नाही.

हसताय ना? मीही हसलो होतो. मग त्याच्या घरी गेलो तर त्याची नात दप्तर पाठीला लावून दारात उभी. रोज हा तिला शाळेत सोडायचा, मोठा चौक ओलांडून, हात धरून. पाच वर्षांची आहे, आजोबांशिवाय पाऊल टाकत नाही. याने सांगून टाकलं, मी नेणार नाही. का? तर मध्येच तिचा हात धरलाय हे विसरलो तर? वहिनी आत जाऊन रडल्या. वहिनी रडणाऱ्यातल्या नाहीत. त्यांचं अपेंडिक्स फुटलं तेव्हा त्या डॉक्टरांनाच म्हणाल्या होत्या की तुम्ही घाबरू नका. त्या रडल्या. आणि मला विचारतात, भावजी, तुम्ही रोज होतात त्यांच्याबरोबर, तुम्हाला आधी कधी काही जाणवलं होतं का? जरा जास्त आच द्या इकडून. नाही, नाही जाणवलं म्हटलं. आणि पाणी पिऊन तसाच निघालो.

काय झालं होतं म्हणजे? हेच झालं होतं. हीच गाडी. आधी आम्ही उजवं हब धरलं होतं. तीन दिवस दोघं त्याच्या मागे, हात टेकायची वेळ आली. तिसऱ्या दिवशी दुपारी रोपवाटिकेवाल्याचा फोन—उद्या एक दिवस गाडी द्या, रोपं पोचवायची आहेत, मग हवे तेवढे दिवस ठेवा. बेअरिंग एक दिवस दम धरेल म्हणून दादा हो म्हणाला. संध्याकाळी त्यानं स्वतः सगळं बंद केलं. नट आवळला, पिन घातली, चाक चढवलं, टोपी लावली, आणि गेला घरी. सकाळी तो माझ्याआधी आला, गाडी काढली आणि पोचवायला निघाला. चढाच्या तिसऱ्या वळणावर उजवं चाक हबासकट निघालं. तीन दिवस आम्ही हाणत होतो तेव्हा तसूभर हललं नव्हतं. गाडी कलंडली, दादा कठड्यावर आपटला. आणि चाक आलं उतारावरून एकटंच, पार त्या विजेच्या खांबापर्यंत. खोटं नाही सांगत. मी आपला डबा हातात घेऊन येतोय, शटर उघडं दिसतंय, गाडी जागेवर नाही, आणि समोरून चाक येतंय. मी डबा तिथेच टाकला आणि वर पळालो. कोणीही पळालं असतं.

नट सापडला रस्त्यात. पिन नाही सापडली. हो ना, दादाही तेच म्हणतो—म्हणजे मी घातलीच नाही. पण त्याचं भय वेगळंच आहे. म्हणतो, विसरण्याचं काही नाही रे, सगळेच विसरतात. पण मला आठवतंय. पकडीनं तिचे पाय वाकवल्याचं आठवतंय. एक पाय आखूड होता, पकडीतून सटकला, दुसऱ्यांदा धरून वाकवला, तेही आठवतंय. आणि पिन तर नव्हती. मग जे मी केलंच नाही ते मला आठवतंय, असल्या माणसानं काय करायचं सांग. मला विचारतो. जरा खाली धरा टॉर्च, मी वाकून बघतो फट पडली का ते. अजून नाही. थोडं तेल—काय पडलं? कुठे? टायरखाली? द्या इकडे. काही नाही हो, पिन आहे. नाही, चावीची नाही, चावीची चावीलाच आहे, बघा. ही निराळी. जुनी आहे. असते माझ्या खिशात. हो, एक पाय आखूड आहे. जुन्या पिनांचा असतो एखादा.

टॉर्च का विझवलीत?

लावा ती. लावा म्हणतो, गार झालं तर चार दिवसांचं मुसळ केरात. असं काय बघताय? तुम्ही पेटी घ्यायला आलात ना? अहो, ऐकून तरी घ्या. आधी लावा, मग ऐका.

दादा सहाला गेला. मी मागे राहिलो. म्हटलं, जाता जाता एक शेवटचा प्रयत्न. ती एक युक्ती आहे ना—पिन बाहेर, नट दोन फेरे सैल, चाक परत चढवायचं आणि गाडी अंगणात इंग्रजी आठासारखी फिरवत राहायची. गाडीच्या भारानंच हब सुटतं, सरकून नटापर्यंत येतं आणि थांबतं. दादानंच शिकवलेली. तीन दिवस मी म्हणत होतो ती करू या, आणि तो म्हणत होता नको, अजून आच देऊ. म्हणून म्हटलं, आज करून टाकतो. सकाळी आला की हब त्याच्या हातात ठेवतो आणि म्हणतो, हे घे. बस्स, एवढंच होतं मनात, दुसरं काही नाही. वीस मिनिटं फिरवली गाडी. नाही निघालं. कंटाळा आला. गाडी न्यायला तो रोपवाटिकेवाला दहाला येणार होता, म्हटलं सकाळी नऊला बंद करून टाकू. नट तसाच सैल. टोपी लावली, धूळ जाऊ नये म्हणून. आणि पिन खिशात.

का म्हणजे? तुम्ही पण दादासारखंच विचारता. बघायला कोणी नव्हतं म्हणून. दाखव म्हणायला कोणी नव्हतं. हातात पिन होती, चावी समोर लटकत होती, दोन पावलं. मी मुद्दाम नाही लावली. सत्तावीस वर्षांत एकदा माझ्या मनासारखं. आणि शटर रोज मीच उघडतो हो, तो साडेनऊशिवाय येत नाही, कोणालाही विचारा. त्या दिवशी मला पंचवीस मिनिटं उशीर झाला. दाढी करत होतो. आणि दादाला नेमकी त्याच दिवशी काय हुक्की आली, म्हणे तो बिचारा कुठे चालत खाली येतो, मीच देऊन येतो. चावी उचलली असेल, कडीवर बोट फिरवलं असेल. पिन नाही. म्हणजे सगळं ठीक. निघाला. त्याचा कायदा त्यानं तंतोतंत पाळला.

हॉस्पिटलात प्लास्टर अजून ओलं होतं तेव्हा मला विचारलं, चावीला पिन होती का रे? मी म्हटलं, नव्हती. खोटं बोललो का मी? नव्हतीच. त्यानं विचारलं असतं ना की पिन कुठे होती, तर मी सांगितलं असतं, खिशात. तसं त्यानं विचारलं नाही. तो म्हणाला, मग मीच विसरलो असणार. आणि मी मूग गिळून उभा. आधी म्हटलं, दुखण्यात कशाला सांगा. मग बरा व्हायला लागला, म्हटलं बरा होतोय तर कशाला. मग ती वही आली, आणि वही आल्यावर तर माझ्या तोंडातून शब्दच फुटेना. आता सांगितलं तर तो आधी विचारणार, नऊ आठवडे काय करत होतास?

काय करत होतो सांगू? त्यानं अंथरुणातून निरोप धाडला, अंगणात लोहचुंबक फिरव, पिन पडली असेल तर सापडेल, मला एकदा बघायची आहे. हे आपलं काठीचं लोहचुंबक, ते घेऊन मी अख्खं अंगण फिरलो. तासभर. वहिनी तिथे, त्या दाराशी उभ्या राहून बघत होत्या, म्हणून नीट फिरावं लागलं. आणि प्रत्येक वेळी काठी छातीजवळ आली की खिशातली पिन ओढ घ्यायची. शर्ट असा पुढे यायचा. मी डाव्या हातानं खिसा दाबून उजव्या हातानं पिन शोधत होतो. चौदा स्क्रू सापडले, एक जुना पाना सापडला. वहिनी म्हणाल्या, पुरे भावजी, तुम्ही किती कराल त्यांच्यासाठी. असं म्हणाल्या.

फेकून का नाही दिली, तेही विचारा. फेकवत नाही. रोज सकाळी कालच्या शर्टातून आजच्या शर्टात. बायकोला वाटतं मला काही नवस-बिवस आहे. एकदा शर्ट तसाच धुवायला गेला, तर मी जेवता जेवता उठून उष्ट्या हातानं बादली ढवळली. लाज वाटते हो मला. तुम्हाला वाटत असेल, कसला निर्ढावलेला माणूस आहे, हातोडा मारत मारत सांगतोय. मला लाजच वाटते, दुसरं काही वाटत नाही. रात्री वाटते, दिवसा वाटते, कालवण वाढून घेताना वाटते. मारणार नाही तो मला. तोंड सोडणार नाही. नुसतं ‘बरं’ म्हणेल आणि वही मिटेल. त्यापुढे माझ्याबरोबर इथे उभा राहील की नाही, ते मला माहीत नाही. उभा राहील एवढी खात्री असती तर कधीच सांगितलं असतं, हे हब एकट्यानं कशाला काढत बसलो असतो.

थांबा. आवाज आला का? चर्र झालं. ज्योत मागे घ्या. हां, अशीच, तो पण अशीच घ्यायचा—सरका मागे. आणि हा पाव फेरा, आणि—

निघालं! दादा, निघालं रे!

...काही नाही. सवय आहे. निघालं की मी तसा ओरडतो. तुम्ही दचकलात का? नट दोन आटे ठेवला होता म्हणून बरं, नाहीतर तुमच्या गुडघ्यावर आलं असतं. सुटतं तेव्हा असंच सुटतं, एकदम. बघा, आतमध्ये काय गंज आहे. ज्यानं बसवलं त्यानं ग्रीसचं बोटसुद्धा लावलेलं नाही. धन्य आहे. द्या टॉर्च, तापली असेल. तुमच्या शर्टाला लागलं हो काळं, मी म्हटलं होतं. बरं, झालं काम. पेटी उचला तुम्ही, मी एक बाजू धरतो. पुलरही घ्या, गरम आहे, फडक्यात धरा. घ्या म्हणतो ना, पेटीतलाच आहे तो. नको का? काय चिठ्ठी चिठ्ठी लावलंय तुम्ही आल्यापासून? मागे? मागच्या बाजूला काय आहे? मी पुढची वाचली. थांबा, चष्मा कुठे—हा.

‘येणाऱ्या गृहस्थांस: पुलर पेटीतून काढून ठेवणे, नेऊ नये. धाकट्याला लागेल. त्याला आता हब एकट्यानं काढावी लागतात. आणि त्याला सांगणे, बाबा रे, पिन चावीला लावत जा. माझ्यासारखं करू नकोस.’

हं.

हे तुम्ही आधी सांगायचं. सांगत होतात, हो, मीच बोलू दिलं नाही.

नाही. ठेवा ती खाली. पेटी नाही विकायची. तुम्हाला पसंत पडली असेल, न पडायला काय झालं, एकेक पाना बघा, आरशासारखा. पण नाही म्हणजे नाही. दादाला मी सांगतो ना, मी त्याच्याकडेच निघालोय. तुमची खेप फुकट गेली, शर्ट गेला, माफ करा. बरोबर येता? नको हो. तुम्ही असलात तर मी तिथे पेटीबद्दलच बोलत बसेन. मला माहीत आहे मी कसा आहे ते. तुम्ही जा. ही चावी घेतली. ही डावी पिन आहेच, आणि ही त्याची, आखूड पायाची. जात नाहीये कडीत. नको, नको, तुम्ही नका लावू, मला लावू द्या. झाली. आता म्हणू दे त्याला दाखव.

हात धुवायचे? राहू देत तसेच. चला, बाहेर व्हा साहेब, शटर ओढतो. पाय सांभाळा, ते एकदम खाली येतं.